राज्यशास्त्राच्या पदवीनंतर: गंगाखेड तालुक्यातील एका पालकांस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले चार पानी पत्र आणि सोबतच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती मिळाल्या. आपल्या मुलीने यंदा राज्यशास्त्र घेऊन बी.ए. पूर्ण केले, तिला 64 टक्के गुण मिळाले आणि आता तिला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला जायचे आहे. सहा एकर कोरडवाहू शेतीतल्या सोयाबीनवर दरमहा दहा-बारा हजार रुपये किती वर्षे पाठवता येतील, ही आपली काळजी आहे. शिवाय 'राज्यशास्त्र शिकून पोरीला पुढारी करायचंय का' असे पाहुणे विचारतात, हेही आपण लिहिले आहे.

पाहुण्यांचा प्रश्न त्यांना वाटतो तितका हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या राज्यात 2011 पासून ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला निवडणुकीला उभे राहता येते. तथापि तो चरितार्थाचा मार्ग नव्हे, आणि आपला प्रश्न चरितार्थाचा आहे, म्हणून तिकडे वळतो.

स्पर्धा परीक्षेचा तिचा विचार चुकीचा नाही. 2025 च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून ती 1750 गुणांची आहे. त्यांतील 500 गुण एका वैकल्पिक विषयाचे आहेत आणि त्या विषयांत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आहे. सामान्य अध्ययनाच्या 250 गुणांच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील राज्यघटना आणि शासनव्यवहार हा भागही तिला पदवीपासून परिचित आहे. अर्थात, परिचित असणे वेगळे आणि तीन तास बसून मुद्देसूद उत्तरे लिहिणे वेगळे. तयार नोट्स पाठ करून मिळविलेले 64 टक्के तेथे पुरत नाहीत. दुसरी बाजूही पाहावी. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या घरातील जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. तेथे कोणतीही पदवी चालते, त्यामुळे तिच्या विषयाचा तिला वेगळा लाभ होत नाही.

मागील वर्षी माझ्याकडे एकोणतीस वर्षांचा एक तरुण आला होता. त्याच्या हातात प्लास्टिकची फाईल होती आणि तीत सात वर्षांची प्रवेशपत्रे तारखेनुसार लावलेली होती. दोनदा तो मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला होता, म्हणजे बुद्धी कमी नव्हती. परंतु त्या सात वर्षांत नोकरी, दुसरी पदवी किंवा एखादे कौशल्य यांपैकी काहीच पदरी पडले नव्हते. मुलाखतीत 'एवढी वर्षे काय केले' असे विचारले की ती फाईल दाखविण्यावाचून त्याच्यापाशी दुसरे उत्तर नव्हते. माझा आक्षेप परीक्षेला नाही, परीक्षेखेरीज काहीच न करण्याला आहे.

आपल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आपण एक गोष्ट ओझरती लिहिली आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची आहे. घरकुलाच्या यादीबाबत गावातील काही जणांसाठी मुलीने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, तीस दिवसांत उत्तर न आल्यावर प्रथम अपीलही तिनेच लिहिले, आणि आता लोक कागद घेऊन घरी येतात म्हणून आपणास संकोच वाटतो. आपण संकोच करू नये. कायद्यातील मुदत लक्षात ठेवून योग्य अधिकाऱ्याच्या नावे नेमके मागणे लिहिणे हे पदवीधरांपैकी थोड्यांनाच साधते. तिने राज्यशास्त्राचा उपयोग आधीच सुरू केला आहे, फक्त घरात त्याला कोणी करिअर म्हटलेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, तिने तीन वर्षांच्या विधी पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्क्यांची अट आहे, ती तिने सहज ओलांडली आहे, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही असते. विधी महाविद्यालय परभणीत आहे आणि गंगाखेडहून रेल्वेने रोज जाता-येता येते, त्यामुळे पुण्याच्या खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च वाचतो. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात 2024-25 पासून शासनाने सवलत दिली आहे. आपला प्रवर्ग व उत्पन्नाचा दाखला घेऊन ती आपणास लागू होते का, हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा.

हा मार्ग सोपा आहे, असे मी म्हणणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी नव्या वकिलाची पहिली तीन-चार वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली फेरफार, वारसनोंदी आणि वाटणीचे दावे यांतच जातात आणि हाती फारसे काही पडत नाही. दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठीही सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निर्णयामुळे आता तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे, म्हणजे घाई तेथेही उपयोगाची नाही. मात्र विधी पदवीच्या तीन वर्षांत तिला राज्यसेवेचे प्रयत्न करता येतील आणि परीक्षा लागली नाही तरी सनद हाती राहील. उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला 1981 पासून आहे, त्यामुळे मराठवाड्यातील वकिलाला पुढे मुंबई गाठावीच लागते असेही नाही.

एम.ए. करून प्राध्यापक होण्याबद्दल आपण विचारले आहे. त्यासाठी एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे लागते. हे सारे करूनही अनेकजण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. विषयाची खरी ओढ असेल तरच तिकडे जावे, महाविद्यालय जवळ आहे म्हणून नव्हे.

विधी शाखेत तिचे मन रमणार नसेल, तर दुसरा पर्याय तुळजापूरचा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल तेथे आहे आणि ग्रामविकासाशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. पाणी, स्थलांतर, ऊसतोड कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण या विषयांवर आपल्याकडे काम करणाऱ्या संस्थांना ग्रामपंचायतीचा कारभार आतून समजलेली माणसे हवी असतात. तरुणांना काही काळ शासनासोबत काम करण्याची संधी देणाऱ्या राज्य शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपसाठी पदवीला 60 टक्के आणि 21 ते 26 हे वय चालते, पण एक वर्षाचा कामाचा अनुभवही मागितला जातो. येथेच त्या सात वर्षांच्या फाईलची आठवण होते.

तरीही तिचा पुण्याचाच आग्रह असेल, तर आपण मोडता घालू नये. दोन वर्षांची मुदत दोघांनी मिळून ठरवावी, ती कागदावर लिहावी, आणि त्या काळात किमान एक मुख्य परीक्षा गाठता आली नाही तर विधी प्रवेशाचा अर्ज भरायचा, हेही आधीच ठरवावे. मुदत आपण एकट्याने ठरवून तिला कळवू नये. तसे केल्यास ती मुदत न राहता धमकी होते.

पुढचे पत्र मुलीने स्वतः लिहावे, ही विनंती. आपल्या पत्रात तिचे गुण आहेत, आपली चिंता आहे, पाहुण्यांचे बोलणे आहे, परंतु तिला कोणत्या कामात वेळेचे भान राहत नाही हे कोठेच नाही. सोबत तिने त्या माहिती अधिकाराच्या अर्जाची व अपिलाची प्रत जोडावी. ते दोन कागद मला गुणपत्रिकांच्या आधी वाचायचे आहेत.