धाकटा भाऊ १६ वर्षांचा आहे. मित्रांच्या दबावामुळे पार बदललाय, घरात बोलत नाही. त्याची संगत तोडायला लावावी का?

नको. तोडायला लावून संगत तुटत नाही, तुमच्यापासून लपवली जाते एवढंच. खरं तर उत्तर इथेच संपवता आलं असतं. पण हा प्रश्न दरवेळी 'बिघडलेल्या' मुलाच्या घरचेच विचारतात. ज्याच्यामुळे बिघडला म्हणतात, त्याला कोणी काही विचारत नाही. मी तो दुसरा. शाळेत असताना एका घराच्या लेखी मी 'वाईट संगत' होतो.

माझ्या शेजारी बसणारा मित्र वर्गात पहिल्या तिघांत असायचा. माझा नंबर शेवटाकडून मोजलेला बरा. त्याच्या घरी गेलं की काका, म्हणजे त्याचे वडील, आधी माझे मार्क विचारायचे आणि ते ऐकून त्याच्याकडे वळून म्हणायचे, "बघ." मला त्याचं फार काही वाटायचं नाही. त्याची मान मात्र खाली जायची.

एकदा त्याला गणितात ६१ पडले. गुणपत्रकावर सही घेऊन दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं. मधल्या सुट्टीत त्यानं वहीचं मागचं पान उघडलं आणि सहाचा आठ करायची तालीम सुरू केली. इंग्रजी सहाची वरची शेपटी वळवून खाली आणली की आठ होतो, पण ते वेटोळं हुबेहूब बसेना. शाईही जुळेना, गुणपत्रकावरची निळी जरा जांभळट होती. पान भरलं. मी म्हटलं, "अरे सोड, ६१ काही वाईट नाहीत, सांगून टाक घरी." तो म्हणाला, "तुझ्या घरी नसतील वाईट." आणि कुणाचं तरी पेन मागून आणून ६१ चे ८१ केलेच. खालच्या एकूण बेरजेला हात लावायचं मात्र राहून गेलं. गणितात मार्क गेलेला मुलगा शेवटी बेरजेतच सापडला!

काकांनी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "कोणी शिकवलं?" का केलंस, हे नाही. तो गप्प राहिला आणि त्या गप्प बसण्यातून त्यांनी माझं नाव काढलं. संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून, आत न येता, बाबांना म्हणाले, "तुमच्या मुलाला आमच्याकडे पाठवत जाऊ नका." शाळेत सांगून आमचे बाकही बदलून घेतले.

आता सांगा, दबाव कोणाचा होता? मित्रानं भरीस घातलं की तो दबाव, आणि आईवडिलांनी रोज दप्तर उघडून शेजारच्या मुलाशी तुलना केली की ती काळजी, ही वाटणी मला कधीच पटली नाही. मोठ्यांना मित्रांचा दबाव लगेच दिसतो, कारण तो कपड्यांत, केसांत, बोलण्यात उतरतो. अपेक्षांचा दबाव दिसत नाही. मूल ऐकतंय, अभ्यासाला बसतंय, म्हणजे सगळं छान चाललंय असं धरून चालतात.

मित्रांचा परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही, होतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांचा २००५ चा एक प्रयोग आहे. संगणकावरच्या खेळात गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की दामटायची हे आपण ठरवायचं. एकटी असताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांइतकाच धोका पत्करत होती. मित्र बघायला उभे राहिले की हे प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं, मोठ्यांत मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे अक्कल असते, बघणारे आले की ती बाजूला पडते. पण बघणारे काय फक्त मित्रच असतात? थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या मुलांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती पडताळली. 'मी परिपूर्णच असावं अशी इतरांची अपेक्षा आहे' ही भावना त्यात सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलेली निघाली. या 'इतरां'त आईबाप येत नाहीत असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे काकांना कोणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात एका प्रयोगात लोकांना रेषांची लांबी ओळखायला सांगितली होती. खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून धडधडीत चूक उत्तर द्यायचे. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. पण त्या घोळक्यात एक जण जरी बरोबर बोलला, तरी मागे जाणं एकदम कमी व्हायचं. माझ्या मित्राच्या आयुष्यात '६१ वाईट नाहीत' म्हणणारा मी एकटा होतो. मलाच उचलून दुसऱ्या बाकावर बसवलं. काका अजून भेटतात आणि अजून इतर पालकांना 'संगत सांभाळा' असं सांगत असतात. मी ऐकून घेतो, वयाचा मान म्हणून.

तर तुमच्या भावाचं. 'बदललाय' म्हणजे नेमकं काय, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. केस वाढवले, दार लावून बसतो, उलट उत्तर देतो, एवढंच असेल तर हे वय तसंच असतं. मित्रांपुढे आपलं म्हणणं टिकवण्याची ताकद साधारण १४ ते १८ या वर्षांत वाढत जाते, ती मित्र काढून घेऊन वाढत नाही. ज्याच्यावर तुमचा राग आहे त्या मित्राला घरी बोलवा, जेवायला बसवा आणि मार्क विचारू नका. आईबाबा भावासमोर कोणाचं उदाहरण देतात तेही आठवडाभर कान देऊन ऐका. तुम्ही ताई असा की दादा, त्या यादीत बहुतेक तुमचंही नाव निघेल.

व्यसन, पैशाची चोरी, मारहाण, धमक्या किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे संगत मोडावी लागते, आणि ते घरच्या घरी न करता समुपदेशकाला सोबत घेऊन करा.