खिडक्या पावसाआधी दुरुस्त होतील. प्रश्न कर्जाचा आहे

मिशिगनमधील एका वाचकांचे पत्र आले आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पंधरा वर्षांच्या मुदतीने, ९ टक्के व्याजाने ३२,००० डॉलरचे कर्ज काढून कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, घेतला. त्यातच ३,६०० डॉलरचा सात वर्षांचा सेवा-करारही होता. आता चार खिडक्या गळतात, कंपनीने ‘सीलची झीज करारात बसत नाही’ म्हणून दावा फेटाळला आणि विक्रेता खिडक्या बदलण्याचे ४,२०० डॉलर मागतो. ही रक्कम जुन्या नोकरीतील ४०१-के, म्हणजे निवृत्तीच्या बचतीच्या, खात्यातून काढावी का, असे ते विचारतात. शेवटी ते लिहितात, ‘दोन वर्षांनी मोठा ट्रेलर घेणार आहोत, त्यासाठी दरमहा २५० डॉलर बाजूला टाकतो. जुने कर्ज अदलाबदलीत मिटवून देऊ, असे विक्रेत्याने सांगितले आहे.’

४०१-के खात्याला हात लावू नये. आपले वय ४४ आहे, म्हणजे साडेएकोणसाठच्या आत पैसे काढल्याचा १० टक्के दंड, आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यावरचा २२ टक्के संघीय आयकर आणि राज्याचा सव्वाचार टक्के कर वजा जाता ४,२०० डॉलर हाती पडण्यासाठी सुमारे ६,६०० डॉलर काढावे लागतील. तेच पैसे वीस वर्षे सहा टक्क्यांनी वाढले, तर एकवीस हजारांच्या घरात जातात.

शिवाय इतक्या खर्चाची गरज मला दिसत नाही. अशा ट्रेलरमध्ये बहुधा काच नव्हे, तर चौकट आणि भिंत यांमधली ब्यूटाइल टेप (फट बुजवणारी चिकट रबरी पट्टी) वाळलेली असते. आधी चौकटीच्या तळाची निचऱ्याची छिद्रे साफ करा आणि बागेच्या नळीने खालून वर पाणी मारून ते नेमके कोठून शिरते ते पाहा. कित्येकदा ते छताच्या कडेवरून येते. दोष खिडकीचाच असेल, तर खिडकीभोवतीची आतली पट्टी स्क्रू काढून सोडवा, बाहेर एकाला चौकट धरायला उभे करा, जुना चिकट थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, नवी टेप लावून स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा. चार खिडक्यांना टेपची दोन रिळे पुरावीत; खर्च शंभर डॉलरच्या आत राहील. मात्र खिडकीखालची भिंत अंगठ्याने दाबल्यावर आत जात असेल, तर लाकूड कुजले आहे. तेव्हा चौकट बसवण्याआधी कारागिराला दाखवा.

आता जे आपण विचारलेले नाही त्याकडे येतो, कारण मला काळजी त्याचीच वाटते. आपला हप्ता सुमारे ३२५ डॉलर आहे. तीन वर्षांत ११,७०० डॉलर भरूनही मुद्दल जेमतेम साडेतीन हजारांनी उतरले असून २८,५०० अजून बाकी आहेत. त्याच विक्रेत्याने ट्रेलरची किंमत १७,००० लावली आहे, असे आपणच लिहिता. म्हणजे साडेअकरा हजारांचे कर्ज असे आहे, ज्याच्या मागे कोणतीही वस्तू उभी नाही. ‘मिटवून देऊ’ याचा अर्थ हे साडेअकरा हजार नव्या ट्रेलरच्या कर्जात मिळवले जातील आणि त्यांवर आपण आणखी पंधरा वर्षे व्याज भराल. याला कर्ज मिटवणे म्हणणाऱ्याने आपली दिशाभूल केली आहे. ज्या करारात ट्रेलरची सर्वांत नेहमीची तक्रार बसत नाही, तो विकतानाही हेच झाले, आणि त्या ३,६०० डॉलरवरही आपण ९ टक्के भरत आहात.

तो करार रद्द करण्याचे पत्र याच आठवड्यात पाठवा. उरलेल्या चार वर्षांच्या प्रमाणात सुमारे दोन हजार परत मिळावेत. ते थेट कर्जखात्यात जमा होतील. नव्या ट्रेलरसाठीचे २५० डॉलर दरमहा ‘फक्त मुद्दलासाठी’ असे लेखी कळवून याच कर्जात भरा. बारा वर्षांचे उरलेले कर्ज पाच वर्षांच्या आत फिटेल आणि सुमारे बारा हजारांचे व्याज वाचेल. मोठ्या ट्रेलरचा विचार बाकी रक्कम बाजारभावाखाली येईपर्यंत बाजूला ठेवा. विमापत्रही एकदा काढून वाचा: ट्रेलर अपघातात निकामी झाला आणि विमा फक्त बाजारभाव देणार असेल, तर वरची रक्कम आपल्यालाच भरावी लागेल, म्हणून त्या फरकाचे संरक्षण आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा.