कार्यशाळेला निघण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

संशोधन पद्धतीच्या दहा दिवसांच्या कार्यशाळेत तुझी निवड झाली हे वाचून फार बरं वाटलं. तिथे जाण्याआधी काय वाचू, असं तू विचारलं आहेस. वाचायचं नंतर सांगते. आधी एक काम कर. शेतकरी बायकांच्या कामावरची तुझी प्रश्नावली मराठीत लिहून काढ. इंग्रजी मसुदा मी पाहिला, तो नेटका आहे. पण बांधावर बसून तुला उत्तर देणारी बाई त्या मसुद्याला उत्तर देणार नाही. ती तुझ्या तोंडून बाहेर पडलेल्या वाक्याला उत्तर देईल, आणि ते वाक्य तू अजून ठरवलेलंच नाहीस.

माझी पहिली पाहणी बार्शी तालुक्यातल्या एका गावात होती. माझ्या कागदावर प्रश्न होता, 'आपण कोणते आर्थिक काम करता?' एका घरी ओसरीवर बसले होते. बाईंनी हसून सांगितलं, "मी कुठं काय करते, घरीच असते." मी 'गृहिणी' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तेवढ्यात त्या उठल्या. "बस जरा, म्हशींना वैरण टाकून येते." परत आल्या तेव्हा हाताला शेणाचा वास होता. मग चहा झाला, त्यांच्याच म्हशीच्या दुधाचा. चहा पिताना कळलं की पहाटे दोन म्हशींची धार त्याच काढतात, दूध डेअरीला त्याच घालतात आणि दुपारनंतर स्वतःच्या रानात खुरपायला जातात. डेअरीचं पुस्तक मात्र नवऱ्याच्या नावावर होतं. माझ्या पिशवीत तोवर भरलेले साठेक फॉर्म होते आणि त्यातल्या बहुतेकांवर 'गृहिणी' लिहिलेलं होतं. त्या सगळ्या घरांत मी पुन्हा गेले. या वेळी 'काम करता का' असं विचारलं नाही. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" एवढंच विचारलं.

तुझा विषय कोरडवाहू शेतकरी कुटुंबांतल्या बायकांचं काम हा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे देशभरातली काही घरं निवडून केल्या जाणाऱ्या पाहणीत, माणूस काय करतो याचे संकेतांक असतात. घरच्या व्यवसायात मजुरीशिवाय मदत करणाऱ्याला २१, फक्त घरकाम करणाऱ्याला ९२, आणि घरकामासोबत सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणं किंवा घरच्यापुरतं शिवणकाम करणाऱ्याला ९३. बार्शीकडची ती बाई २१ मध्ये गेली तर देशाच्या आकडेवारीत ती कामगार ठरते. ९२ मध्ये गेली तर ठरत नाही. बाई तीच, म्हशी त्याच. फरक पडला तो दारात उभ्या असलेल्या माणसाने काय विचारलं आणि किती वेळ थांबला यामुळे. १९९१ च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नात शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदला कामही धरा, असे शब्द मुद्दाम घातले गेले, ते याचसाठी. स्त्रियांचा श्रमातला सहभाग घटला की वाढला यावर इतके लेख लिहिले जातात. त्या प्रत्येक आकड्याखाली अशी एक ओसरी आहे.

म्हणून कार्यशाळेला जाताना वही कोरी नेऊ नकोस. पाच घरांत जाऊन ये, पाच फॉर्म भर आणि ते मळलेले, खाडाखोड केलेले फॉर्म सोबत ने. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट लागतात, त्यात पद्धतीचा अभ्यास येतो, परीक्षाही होते. तरीही विद्यार्थी पुढे अडतात. याचं कारण मला एकच दिसतं. शिकताना त्यांच्या हातात स्वतःचा असा एकही निर्णय नसतो. नमुना निवडीचे प्रकार पाठ असतात, पण आपल्या गावातली यादी कुठून आणायची हे ठरवायची वेळ आलेली नसते. तुझ्याकडे पाच फॉर्म असतील तर प्रत्येक व्याख्यान तुला वेगळं ऐकू येईल. व्याख्याते थोर असोत की साधारण, तू मनात एकच ताडून पाहशील: हे माझ्या तिसऱ्या फॉर्मला लागू पडतं का?

तिथे तुला कोणीतरी ३८४ हा आकडा देईल. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत नमुना नेमका ३८४ जणांचा असतो. तो येतो कुठून ते समजून घे. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये एक तक्ता दिला; लोकसंख्या दहा लाख असली की त्यात ३८४ येतात. ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक आणि प्रमाण निम्मं-निम्मं धरलं की गणितातून तेवढेच निघतात. पण त्या गणिताची एक अट आहे: प्रत्येक व्यक्तीची निवड सारख्या संधीने आणि इतरांपासून स्वतंत्रपणे व्हायला हवी. तू दहा गावं निवडून प्रत्येकी अडतीस-एकोणचाळीस बायकांना भेटलीस तर ती अट मोडते. एका गावातल्या बायकांची डेअरी एक, पाण्याची अडचण एक, मजुरीचा दरही एकच. त्यांची उत्तरं एकमेकींसारखी येणार, म्हणजे तुझ्याकडची माहिती ३८४ स्वतंत्र व्यक्तींएवढी नसणार. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गुगल फॉर्म पाठवून आलेल्या ३८४ उत्तरांना तर हा तक्ता लागूच होत नाही. कार्यशाळेत हात वर करून विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचार: दहा गावांऐवजी वीस गावं आणि प्रत्येक गावात निम्म्या बायका घेतल्या तर माझं काय सुधारेल? उत्तर देणाऱ्यालाही त्यावर बोलायला आवडेल.

सॉफ्टवेअरवर तीन दिवस जातील. ते शिक, पण एसपीएसएसच्या कुठल्या मेन्यूत काय दाबायचं एवढ्यावर थांबू नकोस. शक्य असेल तर 'आर' हे सॉफ्टवेअर शिक. ते मोफत आहे आणि तू काय केलंस ते ओळीओळीने लिहिलेलं राहतं. दोन वर्षांनी मार्गदर्शकांनी विचारलं की ही सतरा घरं का वगळली, तर उत्तर तिथे सापडतं. राष्ट्रीय नमुना पाहणीची घरनिहाय माहितीही मोफत मिळते. ती उघडून बघ, मात्र आधी क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठीची सूचनापुस्तिका वाच आणि मगच आकड्यांना हात लाव. माझ्या मते भारतातल्या सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी त्या पुस्तिकांइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही. कुटुंब कोणाला म्हणायचं, एका चुलीवर जेवणारे पण ऊसतोडीला गेलेले कुठे धरायचे, अशा प्रश्नांशी कोणीतरी खूप वर्षं झटलं आहे हे पानोपानी दिसतं. आणि भारांक लावायला विसरू नकोस. नमुन्यातलं प्रत्येक घर सारख्याच संख्येच्या घरांच्या वतीने बोलत नाही.

आठवणीच्या मुदतीबद्दल तुझ्या मसुद्यात काहीच नाही, ते खटकलं. 'चाऱ्यावर किती खर्च होतो?' असं तू लिहिलं आहेस. कधीचा? आठवड्याचा, महिन्याचा, की पेंड आणली त्या दिवसाचा? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० मधल्या ५५ व्या फेरीत खाण्याच्या वस्तूंवरचा खर्च त्याच घरांना सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा शेजारी-शेजारी विचारला गेला. माणूस एक उत्तर देताना दुसऱ्याशी मेळ घालतो, त्यामुळे तीस दिवसांचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करण्याजोगे राहिले नाहीत, असा आक्षेप आला. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेली गरिबी २६.१ टक्क्यांवर आल्याचं त्याच फेरीवरून जाहीर झालं होतं. ती खरोखर किती उतरली यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. एका पानावरच्या दोन रकान्यांनी हे झालं.

वयाचंही तसंच. वय विचारलं की चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असे गोल आकडे येतात. आपल्या भागात दुष्काळाला, भूकंपाला धरून विचार. '७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात? तेव्हा खायला वाटलेली सुकडी आठवते का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरला शाळेत जात होता का? एकदा एका आजीने मला सांगितलं, "खडी फोडायला जात होते तेव्हा हा पोटात होता." आधार कार्डावरच्या तारखेपेक्षा ते उत्तर मला जास्त खरं वाटलं.

उत्पन्नाचा प्रश्न मात्र शेवटी ठेव, आणि आपण कोण आहोत हे पुन्हा एकदा सांगूनच विचार. हातात टॅब घेतलेली अनोळखी मुलगी दारात आली की लोकांना सरकारी योजना आठवते. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दरमहा १५०० रुपये घरात येत आहेत आणि त्याला वार्षिक अडीच लाख उत्पन्नाची मर्यादा आहे. ज्या बाईला ते पैसे मिळतात तिने तुला उत्पन्न मोकळेपणाने का सांगावं? ती खोटं बोलते असं समजू नकोस. तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, त्यावरून प्रश्न बांध. 'यादीत नाव येईल का?' असं कोणी विचारलं तर स्पष्ट 'नाही' म्हण, त्यासाठी मुलाखत हातची गेली तरी चालेल.

मुलाखतींच्या नोंदी त्याच संध्याकाळी लिही आणि मराठीतच लिही. 'इर्जिक' (एकमेकांच्या रानात मिळून केलेलं काम), 'वाटा', 'उचल' (आगाऊ घेतलेले पैसे) हे शब्द इंग्रजीत नेण्याची घाई नको. प्रकरण लिहिताना नेशील. नोंदींच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या एका गावात केलेल्या कामाच्या, पुढे वर्षानुवर्षं तयार केलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या, कारण त्या एकाच ठिकाणी होत्या. त्यांनी आठवणीतून पुस्तक उभं केलं. ते सामर्थ्य त्यांचं होतं. तू आणि मी पेनड्राइव्ह घ्यावा.

एक शब्द तुझ्या मसुद्यात बदल. तू सगळीकडे 'सर्वेक्षण' लिहिलं आहेस. १९३६-३७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली गोखले संस्थेने पुणे शहराच्या घराघरांत जाऊन जे काम केलं, त्याला आमच्या शिक्षकांच्या तोंडी 'पाहणी' हाच शब्द होता. मला तो आवडतो, कारण त्यात आधी पाहणं आहे. बार्शीच्या त्या ओसरीवर मी ऐकत होते, लिहीत होते, पण म्हशी दिसत असूनही पाहत नव्हते.

कार्यशाळा सोमवारी सुरू होते ना? मग शनिवारी दुपारी घरी ये. मराठी प्रश्नावली आण, भरलेले पाच फॉर्मही आण. मी ओसरीवरची बाई होईन, तू दारात उभी राहून पहिला प्रश्न विचार. मी 'घरीच असते' असं म्हणेन. पुढे तू काय विचारतेस ते बघू.

तुझी,
मॅडम