ऑर्डर घ्या, मशीन थांबवा

तुमचं पत्र थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वय ४१, नोकरी स्थिर. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तुम्ही प्लायवूडचे आकार जिगसॉने कापता, एकावर एक थर चढवता, रंगवता. भिंतीवर लावायची अशी २२ कामं गेल्या वर्षी विकली गेली. आता एका इंटिरियर डिझायनरने एका कार्यालयासाठी ३० कामांची ऑर्डर देऊ केली आहे. ती पेलायची म्हणून निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांतले निम्मे काढून सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या फाइलवरून आपोआप आकार कापणारं मशीन, घ्यायचा आणि राजीनामा द्यायचा, असा तुमचा बेत आहे. करू का, असं विचारलंय.

ऑर्डर जरूर घ्या. मशीन घेऊ नका. राजीनामा आत्ता नको. तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात, म्हणून तो एकच मोठा निर्णय वाटतोय. प्रत्यक्षात पहिला निर्णय उरलेल्या दोघांशिवाय मजेत निभतो.

तुम्ही पत्रासोबत तासांची नोंद पाठवलीत, त्याबद्दल खास आभार. कलाकार मंडळी सहसा खर्चाची बिलंही जपत नाहीत, तास तर दूरच. तुमच्या नोंदीप्रमाणे एका कामाला २६ तास लागतात: कापायला ५, घासायला आणि प्रायमरचे हात द्यायला ७, रंगवायला १०, वॉर्निश, मागचे हुक आणि पॅकिंग मिळून ४. आता राउटर आणलात तर कुठले तास वाचतील? फक्त कापण्याचे. पाचाचा एक झाला असं उदारपणे धरू, तरी २६ चे २२ होतात. वर्षाला २२ कामं म्हणजे ८८ तास वाचले. तेवढ्यासाठी निम्मी पुंजी! रंग वाळायला जो वेळ लागतो तो तेवढाच लागणार, आणि तुमचं काम खरं तिथेच अडतं.

शिवाय मशीन एकटं येत नाही. धूळ ओढणारं यंत्र लागतं, कटर बिट झिजतात, आवाजामुळे वेगळी जागा लागते, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकण्यात काही महिने जातात. धुळीचं तर आत्ताच मनावर घ्या. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती १९९५ मध्ये पहिल्या गटात टाकली. राउटरवर पैसे वाचवा आणि त्यातले थोडे चांगल्या मास्कवर, धूळ ओढण्याच्या सोयीवर घाला.

३० कामांच्या ऑर्डरमध्ये आकार पुन्हा पुन्हा तेच आहेत. मग कापण्याचं काम बाहेर द्या. ज्यांच्याकडे राउटर आहे ते जॉब वर्कवर कापून देतात. फाइल एकदा नीट बनवून घेतली की तुमच्या हाती तयार तुकडे येतील आणि तुम्ही जे उत्तम करता, म्हणजे रंग, त्यावर बसाल. दर वर्षी अशा दोन-तीन ऑर्डरी यायला लागल्या आणि जॉब वर्कचं बिल मशीनच्या हप्त्याएवढं होऊ लागलं, तर तेव्हा मशीनचा हिशेब पुन्हा मांडू.

आता राजीनामा. पूर्ण वेळ काम म्हणजे वर्षाला साधारण १,८०० तास. त्यातला तिसरा हिस्सा फोटो, निरोपानिरोपी, बिलं, माल आणणं यात जातोच. उरले १,२००. म्हणजे तुम्ही वर्षाला ४६ कामं *करू* शकाल. विकायचीही ४६ लागतील, आणि गेल्या वर्षीच्या २२ पैकी १३ तुमच्या ओळखीच्यांनी घेतली आहेत. मावसभावाच्या घरी आणखी किती भिंती असणार? ओळखीची विक्री खरी असते, पण ती लवकर आटते. तुमचा धंदा उरलेल्या ९ वर उभा आहे, आणि ९ वरून ४६ वर जायला किती काळ लागेल हे तुमच्या वहीत अजून लिहिलेलं नाही.

इथे एक उदाहरण देतो, घाबरवायला नव्हे. टाकाऊ लाकूड जोडून, एकाच रंगात रंगवून आख्ख्या भिंती उभारणाऱ्या लुईझ नेव्हल्सन यांचं न्यूयॉर्कमध्ये पहिलं एकल प्रदर्शन १९४१ मध्ये झालं. ज्या काळ्या भिंतीमुळे त्यांचं नाव झालं ती १९५८ ची, आज तिथल्याच आधुनिक कला संग्रहालयात आहे. मध्ये १७ वर्षं गेली. तुम्हाला एवढी लागतीलच असं नाही, पण योजना अशी हवी की लागली तरी घर चालेल.

म्हणूनच निवृत्तीच्या पैशांना हात लावू नका. वर्षाला ८ टक्के परतावा धरला तर आज काढलेल्या १०० चे वीस वर्षांनी ४६६ झाले असते. राउटर ते ४६६ कमावून देणार का, हा प्रश्न आहे. शिवाय नोकरीबरोबर आरोग्य विम्याचं छत्र असेल तर तेही जातं, आणि स्वतःचा विमा घेतल्याशिवाय राजीनामा देणं मला मुळीच पटत नाही. घराच्या विम्याचे कागदही नीट वाचा. घरी धंद्यासाठी थिनर आणि लाकूड साठवलेलं असलं की बऱ्याच पॉलिसी दावा नाकारतात.

तुमच्या हिशेबात एक भोक दिसलं. "निम्मा नफा" लिहिलंय, पण कुरिअर खऱ्या वजनावर धरलंय. हवाई कुरिअरवाले बहुधा आकारमान पाहतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. तुमचा ९० बाय ६० बाय १२ चा खोका वजनाला ६ किलो असला तरी बिल १३ किलोचं येईल. गॅलरीतून विकलं तर कमिशन निम्म्यापर्यंत जातं, तेही घातलेलं नाही. परदेशी पाठवायचा विचार असेल तर पॅकिंगचा खोका प्लायवूडचाच करा. साध्या लाकडाच्या खोक्याला ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता दिल्याचा शिक्का लागतो, प्लायवूडला तो लागत नाही.

डिझायनरशी बोलताना निम्मे पैसे आगाऊ मागा आणि ते खात्यात आल्याशिवाय प्लायचा एकही तुकडा कापायला टाकू नका. कार्यालयं बिल मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पैसे देतात, आणि तोवर प्लाय, रंग, जॉब वर्क सगळं तुमच्या खिशातून जातं. उरलेले पैसे दोन टप्प्यांत घ्या, शेवटचा हप्ता कामं भिंतीवर चढल्यावर. ती चढवायची कोणी, आणि चढवताना कोपरा फुटला तर भरपाई कोणाची, हेही कागदावर येऊ द्या. एक नमुना आधी मंजूर करून घ्या, त्यावर सही घ्या. "हा निळा जरा वेगळा वाटतोय" हे वाक्य तिसाव्या कामानंतर ऐकायचं नसतं. डिझाइनचे हक्क तुमच्याकडेच राहतील हे स्पष्ट लिहा, नाहीतर हेच आकार पुढच्या इमारतीत दुसऱ्या कोणाच्या हातचे दिसतील.

या ऑर्डरच्या प्रत्येक १०० मधले ८ वेगळ्या खात्यात टाका. वातानुकूलित कार्यालयाच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, प्लायवूड कमी, भरीव लाकूड जास्त, आणि सांध्यावरचा रंग तडकला की फोन तुम्हालाच येणार. वर्षभरात फोन आला नाही तर ते पैसे तुमचे.

नोकरीत मात्र एक गोष्ट विचारून बघा: बिनपगारी रजा मिळते का, किंवा आठवड्यातला एक दिवस कमी करता येतो का? ३० कामांना ७८० तास लागतील, कापणं बाहेर दिलंत तर ६३० च्या आसपास. डिझायनरकडून मुदत किती मिळते ते आधी ठरवा, मग रजेचा अर्ज टाका. विक्रीच्या नोंदीत आजपासून एक रकाना वाढवा: घेणारा ओळखीचा की अनोळखी. सलग बारा महिने अनोळखी रकान्यातून घरखर्च निघाला आणि वर सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा पडून असला, की ती वही घेऊन या. राजीनाम्याचं पत्र तेव्हा एकत्र बसून लिहू.