‘लांबवायची गोळी’ नेमकी कोणती?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने विचारलंय : आमच्या भागात ‘पाळी लांबवायची गोळी’ आणि ‘पाळणा लांबवायची गोळी’ या दोन्हींना बायका नुसतं ‘लांबवायची गोळी’ म्हणतात. यातला शुद्ध प्रयोग कोणता, आणि गोळी एकच असते का?

प्रयोग दोन्ही शुद्ध आहेत. गोळ्या मात्र वेगळ्या आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी घेतली तर दिवस राहू शकतात. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

‘पाळी’ म्हणजे क्रम. नळावर पाणी भरायची पाळी, उद्यमबागेतल्या कारखान्यांतली रात्रपाळी, तशी महिन्याची पाळी. कन्नडातही ‘पाळि’ हा शब्द क्रम आणि कामाची पाळी या अर्थांनी चालतो, पण बाईच्या पाळीला तिथे ‘मुट्टु’ म्हणतात, म्हणजे स्पर्श. आपल्या ‘शिवायचं नाही’मागेही तीच कल्पना आहे. ‘पाळणा’ आला ‘पाळणे’, म्हणजे सांभाळणे, यावरून. कुटुंब नियोजनाच्या प्रचारातून ‘पाळणा लांबवणे’ म्हणजे दोन मुलांत अंतर ठेवणे आणि ‘पाळणा थांबवणे’ म्हणजे आता मूल नको, हे प्रयोग घराघरांत पोचले. कन्नडात पाळण्याला ‘तोट्टिलु’ म्हणतात. मुट्टु आणि तोट्टिलु यांची गल्लत व्हायचं काही कारण नाही. आपल्याकडे मात्र पाळी आणि पाळणा कानाला जवळचे, दोन्हींपुढे क्रियापद एकच, आणि लाजेपोटी पहिला शब्द गिळला जातो.

मेडिकलच्या काउंटरवर काय होतं बघा. बाजूला दोन पुरुष गिऱ्हाइकं उभी असतात. बाई हळूच म्हणते, “लांबवायची गोळी द्या.” दुकानदाराने “किती दिवस लांबवायची?” असं विचारलं आणि ती “दोन वर्षं तरी” म्हणाली, तर घोटाळा तिथेच सुटतो. त्याने न विचारता दहा गोळ्यांची पट्टी कागदात गुंडाळून दिली, तर ती पट्टी बहुधा नॉरेथिस्टेरॉनची असते.

गौरी-गणपती, सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा, घरातलं लग्न अशा वेळी पाळी पुढे ढकलायला घेतात ती ही गोळी. साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. अशा रीतीने घेतलेल्या या गोळीवर गर्भधारणा टाळण्यासाठी मुळीच विसंबू नये. जत्रेसाठी गोळ्या चालू आहेत म्हणून त्या दिवसांत निर्धास्त राहणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचायला हवी.

पाळणा लांबवायची रोजची गोळी म्हणजे सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ‘माला-एन’ किंवा दुकानातली ‘माला-डी’. दोन्हींत औषध तेच. पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ पांढऱ्या संप्रेरकांच्या आणि ७ तपकिरी लोहाच्या. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते. पहिलं पाकीट पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करतात, मग रोज ठरलेल्या वेळी एक. पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवीन. नेमाने घेतली तर वर्षभरात शंभरातल्या एकीलाही दिवस राहत नाहीत. प्रत्यक्षात गोळ्या चुकतात, म्हणून तो आकडा शंभरात सातच्या आसपास जातो.

गल्लतीचं एक खरं मूळही इथेच आहे. माला-एन घेणारीला डॉक्टरांच्या सल्ल्याने तपकिरी गोळ्या वगळून थेट नवं पाकीट सुरू करून पाळी पुढे ढकलता येते. म्हणजे पाळणा लांबवणाऱ्या गोळीने पाळीही लांबते. याच्या उलट होत नाही.

‘चुकणे’ या क्रियापदाकडेही लक्ष द्यावं. ‘पाळी चुकली’ म्हणजे दिवस गेल्याची शंका, आणि ‘गोळी चुकली’ म्हणजे घ्यायची राहिली. एक पांढरी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त राहिल्या तर एक लगेच घेऊन रोजचा क्रम चालू ठेवावा आणि सात दिवस निरोध वापरावा. तपकिरी राहिली तर त्याने काही बिघडत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी.

तिसरा घोळ ‘लांबणे’ या शब्दाचा. लग्न लांबलं म्हणजे पुढे गेलं. भाषण लांबलं म्हणजे संपेना. ‘पाळी लांबली’ याचे तसेच दोन अर्थ होतात. पाळणा लांबवायला दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनने रक्तस्राव जास्त दिवस चालू शकतो किंवा पाळी पूर्ण बंदही होऊ शकते. ‘छाया’ ही लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गर्भनिरोधक गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. तिने पाळी उशिरा येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना “लांबली” एवढंच सांगू नये. “तारीख उलटून आठ दिवस झाले, आली नाही” किंवा “आठ दिवस झाले, थांबत नाही” असं सांगावं.

आणि कोणतीही गोळी सुरू करण्याआधी बोलायला लाजू नये. रक्तदाब, अर्धशिशीत डोळ्यांपुढे लखलखणं, पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट, अंगावर पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ, यांपैकी काही असेल तर माला-एन सहसा देत नाहीत. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर तिचा परिणाम कमी होतो. यांतल्या प्रत्येकीसाठी दुसरा उपाय आहे, पण तो सांगायला समोरच्याला हे माहीत हवं.

तेव्हा बोलताना ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ आणि ‘दिवस राहू नयेत म्हणून रोजची गोळी’ असं पूर्ण म्हणावं. आरोग्य केंद्रातली नर्स कन्नडच बोलत असेल तर पहिलीला ‘मुट्टु मुंदूडुव मात्रे’ म्हणा. दुसरीला ‘गर्भनिरोधक मात्रे’. यातला ‘गर्भनिरोधक’ दोन्ही भाषांत एकच आहे, आणि ‘मात्रे’ म्हणजे आपल्या उगाळून द्यायच्या ‘मात्रे’चीच सख्खी बहीण, तिथे तिचा अर्थ गोळी.