पोटात गेलेला छिन्नीचा तुकडा चुंबकाने का काढत नाहीत?

मिरकरवाडा बंदरात बोटीच्या इंजिनाचा गंजलेला बोल्ट तोडताना छिन्नीचा तुकडा उडून आपल्या भावाच्या पोटात घुसला. तो एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसत असूनही सर्जन चुंबकाने ओढून का काढत नाहीत, असे आपण विचारले आहे. शस्त्रक्रियागृहात अनेक वर्षे काम केल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कल्पना जुनी आहे. विल्हेल्म फाब्री या सर्जनची पत्नी मारी कोलिनेट हिने १६२४ मध्ये डोळ्यात रुतलेला पोलादी कण चुंबकाने काढल्याचे प्रसिद्ध आहे. मात्र डोळा पुढून मागे जेमतेम २४ मिलिमीटर भरतो. पोटात कातडी, चरबी आणि स्नायू ओलांडावे लागतात, आणि चुंबकाची ओढ अंतर वाढताच झपाट्याने घटते. शिवाय धारदार तुकडा आला त्याच वाटेने परत निघेल याची खात्री नसते, आणि तो रक्तवाहिनीच्या छिद्रात बुचासारखा बसलेला असला तर ओढताच रक्तस्राव सुरू होईल. म्हणून घरी जुन्या स्पीकरचा चुंबक लावून पाहण्याचा उद्योग मुळीच करू नये.

चुंबक कामी येतो तो जखम उघडल्यावर. लांब दांडीच्या टोकाला बसवलेला लहान निओडिमियम चुंबक (आकाराने लहान पण फार जोरदार असा चुंबक) सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाहत आत नेला, की रक्ताने माखलेल्या चरबीत बोटाला न लागणारा कणही त्याला येऊन चिकटतो. परंतु आपले नेहमीचे चिमटे आणि सुईधारकही चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचेच असल्यामुळे त्या वेळी टायटॅनियमची हत्यारे हाताशी लागतात. साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर शक्ती गमावू लागतो, त्यामुळे हत्यारे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये तो टाकता येत नाही. छिन्नीचे पोलाद चिकटेल. पितळ किंवा ठासणीच्या बंदुकीतले शिशाचे छर्रे मात्र चिकटणार नाहीत.

खरा प्रश्न तुकडा पेरिटोनियम, म्हणजे उदरपोकळीचे आवरण, भेदून गेला आहे का, हा आहे आणि तो सी.टी. स्कॅनने बऱ्याच अंशी सुटतो. आतडे फाटले असेल तर आधी ते शिवतात, तुकड्याचे नंतर पाहतात; तुकडा केवळ स्नायूत असेल तर तो तसाच ठेवणेही रास्त ठरते. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे ना, हे विचारून घ्या. उलट्या, ताप किंवा पोट ताठ होणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका. तुकडा आत राहिलाच, तर डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद करून घ्यावी आणि पुढे कधीही एम.आर.आय.ची, म्हणजे जोरदार चुंबकाने होणाऱ्या तपासणीची, वेळ आली तर ती तेथील तंत्रज्ञाला आधी दाखवावी.