गुडिसन सुटलं, बाबा घरी बसले

पत्र :

"ताई, माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. कोल्हापुरात पेठेत वाढले, तालमीकडून फुटबॉल खेळले. १९७९ मध्ये डॉक्टर म्हणून लिव्हरपूलला आले, वॉल्टनला नोकरी करता करता तिथल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचे चाहते झाले, ते कायमचे. १९८४ पासून त्यांचं सीझन तिकीट आहे. क्लबच्या जुन्या मैदानात, गुडिसन पार्कवर, वरच्या बुलेन्स रोड स्टँडमध्ये लाकडी खुर्ची, समोर खांब. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तरी त्यांनी मॅच चुकवली नाही. मग २०२५ मध्ये क्लब गोदीतल्या नव्या स्टेडियमवर गेला. बाबा तिथे एकदाच जाऊन आले. 'स्टेशनात बसल्यागत वाटतंय,' म्हणाले आणि मफलर खुंटीला लावला, तो अजून तिथेच आहे. नवरा म्हणतो, वय झालं, तिकीट सोडून द्या, नाहीतरी तो क्लब काही जिंकत नाही. त्यात माझा दहा वर्षांचा मुलगा मित्रांच्या नादाने लिव्हरपूलचा झालाय, तेव्हापासून आजोबा त्याच्याशी तुटक बोलतात. बाबांना ओढून नेऊ की त्यांच्या मनावर सोडू?
स., क्रॉस्बी"

प्रिय स.,

तिकीट सोडू नका. बाकी सगळं सावकाश करता येईल, घाईचं काम एवढंच आहे. नूतनीकरणाची मुदत उन्हाळ्याआधीच येते. ती हुकली की चाळीस वर्षांची हक्काची जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुणाला जाते. उद्या बाबांचं मन पालटलं तर त्यांना त्याच यादीच्या शेपटाला उभं राहावं लागेल. ६५ वर्षांवरच्यांना सवलतीचा दर असतो. तो लागलाय ना, हेही पाहून घ्या.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. एव्हर्टनने शेवटचा मोठा करंडक १९९५ मध्ये जिंकला, मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून मिळवलेला एफए कप. लीग तर १९८७ नंतर नाहीच. जिंकण्यासाठी जाणारा माणूस कधीच घरी बसला असता. तुमचे बाबा १९९४ मधल्या विम्बल्डन क्लबविरुद्धच्या मॅचलाही जाऊन बसले असणार. लीगचा शेवटचा दिवस, हरलं तर खालच्या विभागात जाण्याचं संकट, त्यात सुरुवातीलाच ०-२. तिथून ३-२ झालं. त्या दिवशी शेजारी कोण होतं, ते बाबांना विचारून पाहा. गोल कुणी मारले त्याआधी ते शेजाऱ्यांबद्दल बोलतील, अशी माझी खात्री आहे.

कारण त्यांचं खरं हरवलंय ते तिथे. खांबामागच्या खुर्चीचं काय असतं, ते जवळून सांगते. वरच्या बुलेन्समध्ये बसलं की डावीकडे पार्क एन्ड स्टँडसमोरचा गोल आणि उजवीकडे ग्लॅडिस स्ट्रीट स्टँडसमोरचा. दुसऱ्या अर्धात एव्हर्टनला ग्लॅडिस स्ट्रीटकडे हल्ला करायला आवडायचं. म्हणजे उत्तरार्धात बॉल उजवीकडे गेला की खांबामागचा माणूस कलणार, त्याचा खांदा शेजाऱ्याला लागणार, शेजारी न सांगता जरा सरकणार. वर्षानुवर्षं हे असंच चालतं. या शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसतं, फोन नंबर नसतो, पण त्याच्या बायकोचं ऑपरेशन कधी झालं ते माहीत असतं. नव्या स्टेडियममध्ये सुमारे ५३ हजार माणसं बसतात, मधे एकही खांब नाही, सगळीकडून स्वच्छ दिसतं. पण गुडिसनची माणसं तिथे चार दिशांना पांगली. बाबांना स्टेशन आठवलं, ते त्यामुळे.

आईच्या जाण्यानंतर आठवड्यातून एकदा त्यांची विचारपूस करणारी माणसं बहुधा हीच होती. म्हणून 'नुसता फुटबॉलच तर आहे' हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. गुडिसनच्या मैदानाच्या कडेला शेकडो चाहत्यांची रक्षा पुरलेली आहे. जागा उरली नाही म्हणून ती प्रथा बंद करावी लागली. त्या जागेचं दुःख करणं तिथल्या लोकांना वेडेपणा वाटत नाही, तुम्हीही मानू नका.

आता उपाय. गुडिसन पाडलेलं नाही. पुरुष संघाची शेवटची मॅच १८ मे २०२५ ला साउदॅम्प्टनशी झाली, आणि त्यानंतर ते मैदान एव्हर्टनच्या महिला संघाचं घर झालं. बाबांना आधी तिथे न्या. या मॅच बहुतेक रविवारी दुपारी असतात, तिकीट खूपच स्वस्त असतं आणि रांगाही छोट्या. त्यांचा जुना स्टँड त्या दिवशी खुला नसला तर समोरच्या बाजूला बसा. तिथून त्यांची जागा आणि स्टँडच्या दर्शनी भागावरची लोखंडी जाळी नीट दिसेल. मॅचआधी तासभर त्या गल्ल्यांतून हळूहळू फिरा. सेंट ल्यूक चर्चच्या कोपऱ्यावर थांबा. बाबांसारखे बरेच जण पायाखालची वाट सुटत नाही म्हणून तिथे येतात, एखादा शेजारी तिथेच भेटण्याचा संभव बराच आहे. भेटला तर या खेपेला फोन नंबर घ्याच, आणि तो नव्या स्टेडियममध्ये कुठल्या ब्लॉकमध्ये बसतो तेही लिहून घ्या. क्लबचं तिकीट ऑफिस दुसऱ्याचं नाव-पत्ता देणार नाही, पण जागा बदलण्याचा अर्ज करता येतो. ब्लॉक नंबर हाती असला तर 'यांच्याजवळ जागा द्या' असं नेमकं मागता येतं. नूतनीकरणाच्या सुमारास मागा, तेव्हा जागा मोकळ्या होतात.

नातवालाही याच मॅचला न्या. महिलांच्या सामन्यांना दोन्हीकडचे चाहते बऱ्यापैकी मिसळून बसतात, लाल लिव्हरपूल आणि निळं एव्हर्टन हा ताण कमी असतो. बाबा कोल्हापूरचे आहेत. तालीम आपण निवडत नाही, पेठ ठरवते, हे त्यांना शिकवायला नको. नातवाची पेठ त्याची शाळा आहे, एवढंच त्यांच्यापुढे मांडा. मर्सीसाइडला, म्हणजे लिव्हरपूलच्या परिसरात, एकाच घरात दोन्ही रंग असणं जुनंच आहे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे चाहते चेंगरून मेले, त्या दुर्घटनेनंतर स्टॅनली पार्कमधून गुडिसन ते लिव्हरपूलचं अॅनफील्ड मैदान अशी निळ्या-लाल मफलरांची साखळी बांधली होती. बाबांनी ते दिवस पाहिलेत. त्याबद्दल नातवाने त्यांना विचारू दे. तुम्ही मधे बोलू नका. आणि पोराला क्लब बदलायला सांगू नका, आजोबांसाठीसुद्धा नाही.

नव्या स्टेडियमवर दुसऱ्यांदा जाल तेव्हा घाई नको. पहिल्या खेपेला अर्धं दुःख मनाचं होतं, पण अर्धं गुडघ्यांचं होतं, असा माझा अंदाज आहे. तिथे काय बिघडतं ते ठरलेलं आहे. क्रॉस्बीहून नॉर्दर्न लाइनने सँडहिल्सला उतरणं सोपं, तिथून पाऊण मैलाच्या आसपास चालणं. त्रास परतीचा. शिट्टी वाजली की हजारो माणसं त्याच छोट्या स्टेशनाकडे निघतात, आणि थंडीत तिष्ठत उभं राहावं लागतं. ७६ वर्षांच्या माणसाला त्या उभं राहण्यातच मॅच कडू होते. म्हणून जाताना ट्रेन, आणि येताना तीस-चाळीस मिनिटं आवारातच बसून चहा. बाबांना ८५व्या मिनिटाला उठायला सांगू नका. विम्बल्डनची मॅच पाहिलेला माणूस लवकर उठत नाही.

दक्षिण स्टँड टाळा. तो मुद्दाम अगदी उभ्या चढाचा बांधलाय, आवाज तिथेच सगळ्यात मोठा असतो, आणि लोक बराच वेळ उभेच असतात. खालच्या टियरमध्ये, जिन्याच्या कडेची जागा मागा, म्हणजे मध्यंतराआधी दोन मिनिटं उठून शौचालयाला जाता येईल. चालण्याची अडचण मोठी असेल तर क्लबच्या अपंग चाहत्यांच्या विभागाला लिहा. पात्र ठरल्यास सोबत्याचं तिकीट फुकट मिळतं. पुरावा म्हणून सहसा अटेंडन्स अलाउन्ससारख्या सरकारी भत्त्याचं पत्र लागतं.

तिकीट आता फोनमध्ये असतं. आदल्या रात्री घरच्या वायफायवर ते वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, फोन पूर्ण चार्ज करा आणि दारातल्या मशीनला तो कसा टेकवायचा ते बाबांना दोनदा दाखवा. दारात बोटं गारठलेली, मागे रांग, आणि स्क्रीन उघडत नाही, एवढ्यावरून म्हातारी माणसं 'आता आपलं काम नाही' म्हणून कायमची माघार घेतात. मर्सी नदीवरचा वारा गुडिसनपेक्षा बोचरा आहे. आत थर्मल, पायात दोन मोजे आणि बुटांखाली पुठ्ठ्याचा तुकडा, कारण थंडी काँक्रीटमधून तळपायात चढते. थर्मास आत नेता येणार नाही असं धरून चला. आई मॅचला काही करून देत असतील तर तेच करा, छोट्या पाकिटात. मॅच निवडताना शनिवारी तीनची, एप्रिलमधली, गुणतक्त्यात मधे असलेल्या संघाशी असलेली घ्या. डर्बी, म्हणजे लिव्हरपूलशी मॅच, नको, सोमवारी रात्री आठची तर नकोच. टीव्हीसाठी वेळा बदलतात, म्हणून सुट्टी टाकण्याआधी वेळ पक्की झाली का बघा.

नाहीच गेले एखाद्या शनिवारी, तर त्यांना एकट्याने बसवू नका. तीनच्या मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत, पण भारतात दिसतात. कोल्हापुरात कुणी भाऊ-पुतण्या असेल तर त्याला फोन लावून द्या, तिकडे रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असतात. इकडे बाबांनी बीबीसी रेडिओ मर्सीसाइड लावायचा, ९५.८ एफएम. तिकडचं चित्र रेडिओच्या मागे असतं, म्हणजे गोल आधी बाबांना कळणार आणि ते कोल्हापूरला सांगणार. सांगायला कुणीतरी असणं, हेच तर हवंय त्यांना.

एक गोष्ट मात्र फुटबॉलवर ढकलू नका. जेवण कमी झालंय, रात्री तीनला जाग येते, रविवारच्या मॅचलाही नको म्हणतात, कपडे बदलायचा कंटाळा, असं दोन-तीन आठवडे सलग दिसलं तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, न्या. डॉक्टर माणसं स्वतःचं नैराश्य सगळ्यात उशिरा ओळखतात. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीला (समुपदेशनाला) जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःहून नाव देता येतं.

ओढून मात्र नेऊ नका. मफलर खुंटीवर आहे, कपाटात गेलेला नाही. तो तिथेच राहू द्या. महिला संघाच्या मॅचची तीन तिकिटं काढा आणि बाबांना एवढंच सांगा, की पोराला गुडिसन बघायचंय आणि मला तिथल्या गल्ल्या सापडत नाहीत.

तुमची,
ताई